छप्पन सालच्या कर्फ्यूतलं घर स्टेजवर कसं उभं करायचं

हौशी ग्रुपमध्ये कोणी म्हणालं ना की दंगलीच्या काळातलं कौटुंबिक नाटक करूया, की चर्चा लगेच गर्दीवर जाते. मोर्चाला पोरं किती लागतील, पोलीस किती, मशाली कुठून आणायच्या, धूर सोडायचा का. माझं म्हणणं एकदम उलटं आहे. गर्दी स्टेजवर आणूच नका, पोलीस पण नको. स्टेजवर फक्त घर पाहिजे आणि प्रेक्षकाला प्रत्येक क्षणी एकच गोष्ट पक्की माहीत पाहिजे, की घरातलं कोण आत्ता आत आहे आणि कोण बाहेर. एवढा हिशोब प्रेक्षकाच्या डोक्यात चालू राहिला तर साध्या कडीच्या आवाजाने सुद्धा थिएटर गप्प होतं, आणि तो हिशोब सुटला तर तुम्ही पन्नास पोरं नाचवली तरी ती गॅदरिंगची पोरंच वाटतात.

काळ कुठला घ्यायचा हा पहिला प्रश्न. नाशिकला विषयांची कमी नाहीच. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला आणि पुढे काही वर्षं चालला, तेव्हा पंचवटीतल्या एकेका घरात काय बोलणं झालं असेल यावर तर एक सोडून चार नाटकं होतील. २१ डिसेंबर १९०९ ला कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या त्या इथल्याच विजयानंद थिएटरमध्ये, नाटकाचा प्रयोग होता तेव्हा. पण हौशी ग्रुपने पहिल्यांदाच असं काही करायला घेतलं असेल तर मी संयुक्त महाराष्ट्राचा काळ सुचवेन, जानेवारी १९५६, गिरगावातली चाळ. एक खोली, बाहेर गॅलरी, घरातल्या माणसांमध्येच मतभेद, सेट एकच, आणि पन्नाशी-साठीच्या प्रेक्षकाने आईवडिलांकडून हे ऐकलेलं असतं त्यामुळे फार समजावत बसावं लागत नाही. पुढचं सगळं त्याच उदाहरणावर सांगतो, तुमचा काळ वेगळा असेल तर तपशील बदला, पद्धत तीच.

आधी तारखा लिहून भिंतीवर चिकटवा. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनला मोर्चावर गोळीबार झाला, पंधरा माणसं गेली. १६ जानेवारी १९५६ ला नेहरूंनी रेडिओवरून जाहीर केलं की मुंबई केंद्रशासित होणार, आणि मग मुंबई पेटली, पुढचे काही दिवस दगडफेक, लाठ्या, गोळीबार, कर्फ्यू. तुमच्या नाटकाचा प्रत्येक प्रवेश यातल्या कुठल्या दिवशी, किती वाजता घडतो ते संहितेत समासात लिहा. लेखकाने लिहिलं नसेल तर त्याच्याकडे बसून लिहून घ्या, कारण कर्फ्यू असताना धाकटा पोरगा 'जरा भजी घेऊन येतो' म्हणून निघाला तर प्रेक्षक हसेल.

मग पहिलं वाचन. वाचनाला नटांना भूमिका वाटायच्या आधी एक मोठा कागद घ्या, त्यावर घरातल्या सगळ्यांची नावं लिहा आणि प्रत्येक प्रवेशात कोण आत, कोण बाहेर, कोणाला यायला उशीर झालाय आणि तो उशीर घरात सगळ्यात आधी कोणाच्या लक्षात येतो ते भरत जा. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. नाटकात जोर येतो तो तिथून. मोठा मुलगा मोर्चात गेलाय हे बापाला कळायच्या आधी आजीला कळलंय, कारण कोपऱ्यात त्याच्या चपला नाहीत, आणि आजी बोलत नाहीये. हे कागदावर आलं की दिग्दर्शकाला निम्मं ब्लॉकिंग, म्हणजे स्टेजवर कोणी कुठे बसायचं-फिरायचं ते, आयतं मिळतं, कारण आता आजी कुठे बसणार हे ठरलं, चपलांच्या समोर.

नेपथ्यात सगळ्यात जास्त डोकं दरवाज्याला लावा. खरंच सांगतो, बाकी भिंती काळ्या पडद्याच्या असल्या तरी चालतील पण दरवाजा खरा पाहिजे, लाकडी, जड, आतून कडी आणि आडणा (दाराला लावायचा आडवा दांडा) असलेला. प्लायच्या फ्लॅटमध्ये, म्हणजे सेटच्या खोट्या भिंतीत, बसवलेला हलका दरवाजा आपटला की अख्खी भिंत थरथरते आणि सगळा परिणाम गेला. जुन्या नाशकात वाडे पाडतात तेव्हा जुनी दारं-चौकटी निघतात, ती विकणारे लोक आहेत, विचारत फिरलं तर भाड्याने सुद्धा मिळतं. चौकटीला मागून तिरके टेके द्या आणि त्या टेक्यांवर वाळूची पोती ठेवा म्हणजे हलणार नाही. दरवाजा प्रेक्षकाला कुठून दिसतो हे पण बघा, मधोमध मागच्या भिंतीत ठेवला तर येणारा माणूस सरळ समोर दिसतो पण दाराकडे जाणाऱ्या प्रत्येकाची पाठ होते, म्हणून मी तिरका, डाव्या किंवा उजव्या बाजूला मागे ठेवतो, आणि त्याच्या पलीकडे दोन-तीन फुटांची गॅलरी कठड्यासकट. गॅलरीत कोणी उभं राहिलं की अर्धं दिसावं. बाहेर काय चाललंय ते गॅलरीतला माणूस बघतो, आपण त्याचं तोंड बघतो, रस्ता दाखवायची गरज उरत नाही.

खिडकीतून दगड येतो असा प्रसंग जवळपास प्रत्येक अशा नाटकात असतो. काच फोडू नका, अजिबात नको, साखरेची काच वगैरे पण नको, अनवाणी वावरणारे नट असतात आणि अंधारात तुकडे सापडत नाहीत. काच फुटल्याचा आवाज स्पीकरवरून आणि फोमचा रंगवलेला दगड विंगेतून एकाच माणसाने टाकायचा, रोज त्यानेच. तो दगड मग स्टेजवरच राहू दे. कोणी उचलायचा नाही, पुढच्या प्रवेशात आईने त्याला वळसा घालून जायचं, शेवटी कोणी उचलायचा हे लेखक-दिग्दर्शकाने ठरवावं.

आता आवाज, आणि यावर मी जरा जास्त बोलणार कारण इथेच हौशी प्रयोग सगळ्यात जास्त मार खातात. लोक यूट्यूबवरून कुठलातरी गर्दीचा आवाज उतरवतात, त्यात मागे मोटारसायकल असते, कधी कधी तर हिंदी घोषणा असतात, आणि तो आवाज थिएटरच्या पुढच्या मोठ्या स्पीकरवर लावतात म्हणजे मोर्चा प्रेक्षकांच्या डोक्यावर आणि घर मागे कुठेतरी. असं करू नका. गर्दी स्वतः रेकॉर्ड करा. बारा-पंधरा माणसं पुरतात. मखमलाबादकडे वगैरे कोणाचा मळा असेल तर तिथे जा, शेजारच्या मळेवाल्यांना आधी सांगून ठेवा नाहीतर ओरडा ऐकून लोक धावत येतील, आणि द्राक्षांवर फवारणी चालू असेल तेव्हा जाऊ नका, ब्लोअरचा आवाज सगळ्यात घुसतो. माइकपासून वीस-पंचवीस पावलं लांब उभं राहायचं, अर्ध्यांनी पाठ करून. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' ही घोषणा त्या काळची खरी घोषणा आहे, ती घ्या. चार-पाच वेळा रेकॉर्ड करा, दर वेळी जागा बदलून, थोडं आवाज बदलून, आणि मग सगळे ट्रॅक थोडे पुढे-मागे सरकवून एकावर एक ठेवा. शे-दोनशेंचा जमाव तयार होतो. सगळ्यांनी अगदी एका तालात घोषणा दिली तर ती शाळेतली प्रार्थना वाटते, म्हणून हे पुढे-मागे सरकवणं महत्त्वाचं.

स्पीकर मागे, गॅलरीच्या पलीकडे, तोंड होरायझनच्या, म्हणजे स्टेजच्या सगळ्यात मागच्या, पडद्याकडे करून ठेवा. आवाज भिंतीवर आपटून येतो आणि लांबचा वाटतो. आणि साउंड ऑपरेटरला एकच नियम शिकवा, दरवाज्याकडे बघत राहायचं. दार बंद असताना गर्दीचा ट्रेबल (आवाजातला वरचा, तीक्ष्ण भाग) पूर्ण कमी, नुसती घुमणारी खालची गुणगुण. दार उघडलं त्याच क्षणी ट्रेबल वर, थोडा व्हॉल्यूम वर, शब्द ऐकू आले पाहिजेत. दार लागलं की परत खाली. एवढं जमलं की प्रेक्षक दाराला घाबरायला लागतो, म्हणजे आईने कडीला हात लावला तरी. यासाठी ऑपरेटर पहिल्या आठवड्यापासून तालमीला पाहिजे, रंगीत तालमीला पेन ड्राइव्ह घेऊन येणारा माणूस चालणार नाही.

मुंबईत तेव्हा ट्राम होत्या, ३१ मार्च १९६४ ला शेवटची धावली. तर पहिल्या प्रवेशात अधूनमधून ट्रामची घंटा ठेवा, कोणी तिच्याबद्दल काही बोलायचं नाही, आणि मग कर्फ्यूच्या प्रवेशात ती ठेवूच नका. घरातल्या कोणीतरी एकाने बोलता बोलता थांबून ऐकायचं. बस. कर्फ्यू लागलाय हे वेगळं सांगावं लागत नाही, तरी लेखकाने वाक्य लिहिलं असेल तर ते कापायची परवानगी मागा.

गोळीचा आवाज संपूर्ण नाटकात तीनदा, फार तर चारदा. लांबून बंदुकीचा आवाज कोरडा येतो, सिनेमासारखा धडाम नाही, आणि घरातल्यांना पहिल्या वेळी कळूच नये की ती गोळी आहे, कोणीतरी म्हणावं फटाका असेल. दुसऱ्या वेळी कोणी काही म्हणत नाही. गोळीनंतर कबुतरं उडाल्याचा फडफडाट टाका, मग पूर्ण शांतता, आणि नटांना शिकवा की ही शांतता त्यांनी घाईने भरायची नाही. स्टेजमागे खरे फटाके वाजवू नका, आगीच्या नियमात बसत नाही आणि पुढच्या रांगेतल्या आजोबांना काही झालं तर. प्रयोगाआधीच्या घोषणेत सांगून टाका की नाटकात गोळीबाराचे आवाज आहेत. परिणाम कमी होत नाही, उलट लोक वाट बघत बसतात.

रेडिओबद्दल वेगळं सांगतो कारण १६ जानेवारीचा प्रवेश त्याच्यावरच उभा आहे. तेव्हाचे रेडिओ व्हॉल्वचे, बटण फिरवलं की आधी डायल उजळतो आणि आवाज यायला पंधरा-वीस सेकंद लागतात. हे पंधरा सेकंद सोन्यासारखे आहेत, सगळं घर उजळलेल्या डायलकडे बघत उभं आहे आणि अजून काही ऐकू येत नाहीये. जुना रेडिओ चालू नसला तरी हरकत नाही, खोक्यात एक लहान पिवळा बल्ब आणि एक छोटा स्पीकर बसवा, आवाज त्या खोक्यातूनच आला पाहिजे, थिएटरच्या स्पीकरमधून नाही. नेहरूंची नक्कल कोणाकडून करून घेऊ नका, कितीही चांगली झाली तरी लोकांचं लक्ष नकलेकडे जातं. आवाज खरखरत, अर्धवट, गॅलरीतल्या माणसांच्या कुजबुजीत बुडालेला ठेवा आणि ऐकू न येणाऱ्या आजीला नातू मोठ्याने सांगतो तेव्हा प्रेक्षकाला नीट कळू दे. चाळीत सगळ्यांकडे रेडिओ नसायचा, ज्याच्याकडे आहे त्याच्या दाराशी सगळे जमायचे, म्हणून या एकाच प्रवेशात दार सताड उघडं आणि गॅलरी भरलेली ठेवा. नंतर दार बंद व्हायला लागतं ते जास्त बोचतं.

काळाच्या चुका शोधायला एक माणूस नेमा, शक्यतो वाचनाची आवड असलेला, सावानात, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात, जाऊन जुने अंक चाळायला तयार असलेला. मला माहीत असलेल्या काही सांगतो. 'मराठा' दैनिक जानेवारी ५६ मध्ये नव्हतंच, ते १५ नोव्हेंबर १९५६ ला निघालं, त्यामुळे बापाच्या हातात 'मराठा' देऊ नका. संयुक्त महाराष्ट्र समिती ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात स्थापन झाली, म्हणजे जानेवारीच्या प्रवेशात 'संयुक्त महाराष्ट्र समितीने सांगितलंय' हे वाक्य चुकतं. एकशे पाच किंवा एकशे सहा हुतात्मे हा आकडा घरातल्या कोणाच्या तोंडी येऊ शकत नाही, तो नंतरचा. हुतात्मा चौक नाही, फ्लोरा फाउंटन. मंत्रालय नाही, सचिवालय. सीएसएमटी नाही, व्हीटी. पैसे आणे-पैमध्ये, नवे पैसे १ एप्रिल १९५७ ला आले. ट्यूबलाइट नको, उघडा पिवळा बल्ब आणि लाइट गेली तर कंदील, पण कंदिलात बॅटरीवरचा दिवा, खरी ज्योत थिएटरवाले लावू देणार नाहीत आणि देऊ पण नये. स्टोव्ह पितळी पंपाचा ठेवा, पेटवू नका, फुरफुर आवाज रेकॉर्डेड.

भांडी मात्र खरी घ्या. तांबट आळीत, भांडी बाजारात फिरा, हंडा, तपेली, पितळी डबे, कोणाच्या आजीच्या माळ्यावरून पण निघतात. अ‍ॅल्युमिनियमला रंग मारलेला हंडा खाली ठेवला की आवाजात लगेच कळतो. नळाला पाणी येतं की नाही, दूधवाला आला का, हंड्यात किती शिल्लक आहे, कर्फ्यूतलं घर या गोष्टींवर चालतं, आणि भरलेला हंडा उचलणं आणि रिकामा उचलणं यात नटीच्या खांद्यात फरक दिसला पाहिजे, म्हणून तालमीतही पाणी भरूनच उचलायचा.

नटांबद्दल. सगळ्यात मोठा धोका म्हणजे ओरडणं. बाहेर दंगल आहे म्हटलं की सगळे पहिल्या प्रवेशापासून वरच्या पट्टीत जातात आणि दुसऱ्या अंकाला कुठे जायला जागाच राहत नाही. कर्फ्यूत लोक हळू बोलतात. तालमीत एक अख्खा अंक कुजबुजत करून बघा, प्रत्येक व्यंजन स्पष्ट, वेग कमी, आणि मागच्या भिंतीजवळ बसलेल्या माणसाला शब्द कळतोय का विचारा. नाशिकच्या साईखेडकर नाट्यगृहात हे जमून जातं, कालिदास कलामंदिरात जागा मोठी आहे, तिथे स्टेजच्या कडेचे माइक आणि वरून टांगलेला एखादा माइक लागेलच, आणि माइक हंड्याजवळ लावू नका. आईचं काम करणारीला सतत हाताला काम द्या, तांदूळ निवडणं, वाती वळणं, कणीक मळणं, आणि मोठी बातमी आली की काम थांबायचं नाही, फक्त वेग बदलायचा. थांबायचं ते एकदाच, कुठे ते तिलाच शोधू द्या, दिग्दर्शकाने सांगू नका.

मार लागलेला मुलगा घरी येतो तेव्हा रक्त कमी ठेवा. सदऱ्यावर एक डाग, डोक्याला ओलं फडकं, आणि आईने जखमेवर हळद दाबली की तो पिवळा-लाल रंग शेवटच्या रांगेतून दिसतो. सदरे दोन ठेवा, धुवून वाळेपर्यंत दुसरा. अश्रुधुराच्या प्रसंगात डोळ्याखाली बाम, कांदा असलं काही लावू नका, लाइटमध्ये घाम आला की डोळ्यात उतरतं आणि पोराला पुढचं दिसत नाही, त्याला बादलीतल्या पाण्याने डोळे धुवू द्या, पुरतं.

चाळीत गुजराती शेजारी असेल तर फार जपून लिहा आणि बसवा, आणि असावाच असं मला वाटतं. तेव्हाच्या घोषणा तिखट होत्या हे खरं, आंदोलनात राग होता आणि त्या रागाला कारण होतं, माणसं गेली होती. पण बाजूच्या खोलीतलं कुटुंब त्याच कर्फ्यूत, त्याच कोरड्या नळाखाली बसलेलं आहे. त्या माणसाला विनोदी उच्चार देऊन हशा काढणं ही सगळ्यात स्वस्त गोष्ट आहे आणि तिने नाटक मरतं. नाशकात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली गुजराती घरं आहेत, त्यांच्यातल्या कोणाला तालमीला बोलवा, मराठी बोलताना घरातले मोठे लोक नक्की कुठे अडायचे, घरात आपसात कधी गुजरातीत जायचे ते विचारा. आणि त्या बाईचं एक वाक्य भाषांतर न करता गुजरातीतच राहू द्या, सगळ्यांना कळतं. दार नेमकं कोणासाठी उघडायचं हा प्रश्न या शेजाऱ्यामुळे उभा राहतो, तोच नाटकाचा खरा पेच आहे, तो सोपा करू नका.

तशीच घरातली भाषा. गिरगावच्या चाळीत कोकणातली माणसं बरीच, आजीच्या बोलण्यात ते येऊ द्या, पण सगळ्यांनी गळा काढून मालवणी बोलायला लागू नये. आणि आपल्याकडचं 'काय करून राहिला' नकळत येतं, ते कोणीतरी टिपत बसा. नाशिकचा एखादा पाहुणा कर्फ्यूत अडकलाय असं दाखवलं तर ते बोलणं त्याच्याच तोंडी शोभतं, आणि त्याच्या निमित्ताने बाहेरच्या माणसाचे प्रश्न विचारता येतात. जुन्या ओळखीचा, कामासाठी आलेला, परत नाशिक रोडची गाडी कधी मिळेल याच्या काळजीत.

कागदपत्रं शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं आणि लेखकाचं परवानगीपत्र लागतं. स्पीकरवरून ज्या घोषणा ऐकू येणार त्या पण संहितेत शब्दशः लिहून पाठवा, पार्श्वध्वनी म्हणून सोडून देऊ नका. नंतर तालमीत घोषणा बदलावीशी वाटली तर आधी कागद बघा.

राज्य नाट्य स्पर्धेला उतरणार असाल तर सेट लावायला आणि काढायला वेळ मोजकाच मिळतो. म्हणून दरवाज्याची चौकट, गॅलरीचा कठडा, खिडकी असे तीन-चार भाग करा, प्रत्येकाला नट-बोल्ट, आणि कोण काय उचलणार ते नावासकट ठरवा. दरवाजा आधी उभा करा, तो नीट उघडतो-लागतो का बघा, मग बाकीचं. स्टेजचा उतार आणि फळ्या प्रत्येक थिएटरला वेगळ्या असतात, एखाद्या ठिकाणी दार आपोआप उघडतं, त्यासाठी पातळ लाकडी पाचरी खिशात ठेवा. लाइट करणाऱ्याला एकच सांगा, बाहेरून येणारा उजेड गॅलरीतूनच यावा, आतला बल्बचा. जाळपोळ दाखवायची असेल तर गॅलरीत खालून नारिंगी, हळूहळू, आणि लाल रंगाचा मोह टाळा.

प्रयोग झाल्यावर मेकअप रूममध्ये म्हातारी माणसं येतात, त्या वेळी मुंबईत असलेली किंवा घरात ऐकलेली. त्यांना खुर्ची द्या, चहा द्या आणि वही काढा. कौतुक लिहू नका, चुका लिहा. कडी अशी नसायची, पाणी या वेळेला यायचं, कर्फ्यूत आम्ही दळण कुठून आणलं, गॅलरीत कोणाला उभं राहू द्यायचे नाहीत. दोन माणसांचं एकमेकांशी जुळत नसेल तर दोन्ही लिहून ठेवा आणि पुढच्या प्रयोगाआधी लेखकाला सोबत बसवून त्यातलं काय घ्यायचं ते ठरवा.